हात वर, आवाज खाली

रोज सकाळी एक हार घेऊन जाणारं ते पांढऱ्या बुशशर्टातलं गिऱ्हाईक देवाला हार घालत नाही, हे सगळ्यांत आधी आईच्या लक्षात आलं. "हार नेते, पन कोन्या देवाचा ते सांगत नाही," ती म्हणाली. "शेवंती देली तं शेवंती घेते, झेंडू देला तं झेंडू. ज्याच्या घरी देव हाय तो मानूस असा नसते." दोन दिवसांनी गल्लीमागच्या नालीत तिला आमचाच हार पडलेला दिसला. आई हाराची शेवटची गाठ दुहेरी मारायची, त्यामुळे ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं. तिनं तो उचलला नाही. घरी येऊन हात धुतले आणि मला विचारलं, "तू काही करून बसला काय रे?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं, पण किती मोठं खोटं होतं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आमचं घर अमरावतीत, परकोटाच्या आत. पुढच्या खोलीत फुलांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मळा वलगावला, तो काका बघायचे. पहिल्या एसटीच्या टपावरून ओल्या पोत्यांत गुंडाळलेली फुलं यायची आणि वडील ती उतरवून बाजारात न्यायचे. तिथं ते हर्राशी, म्हणजे लिलाव, बोलायचे. त्यांचा आवाज काही फार मोठा नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. कुठं थांबायचं, कुठं चढायचं, गिऱ्हाइकाला कुठं हसवायचं हे त्यांना ठाऊक होतं. तो आवाज माझ्याकडे आला. घरात दिवसभर सुईचा बारीक आवाज, पाण्याचा शिपका, आणि चुलीवर आंबाडीची भाजी नाहीतर भरताची वांगी. भाकरीलासुद्धा निशिगंधाचा वास लागलेला असायचा. पाहुणे त्याचं कौतुक करायचे, आम्हाला तो नकोसा झाला होता.

आता सत्तरी मागं टाकल्यावर माणसं मला कार्यक्रमांना बोलावतात. आणीबाणीतले दिवस सांगा म्हणतात, शाल घालतात. तशा तीन शाली कपाटात आहेत. तिन्ही वेळा मी सुखदेव तायडेचं नाव आदरानं घेतलं आणि टाळ्या घेतल्या. तिन्ही वेळा जे सांगितलं नाही ते इथं लिहितो आहे.

सुखदेव अकोल्याचा. वडील पोस्टमन. तो आमच्या कॉलेजात शिकायला आला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोली घेऊन राहिला. त्याच्या घरातल्या लोकांनी बापाच्या तरुणपणी बौद्ध धम्म घेतला होता; त्याच्या खोलीत एक तसबीर, एक दिवा आणि बाकी सगळी पुस्तकं. दुपारी तो आमच्याकडे यायचा. आई त्याला पोटभर वाढायची, पण त्याचं ताट जर्मनचं होतं आणि ते बाहेरच्या फळीवर ठेवलेलं असे. जेवून झालं की तो ते स्वतः घासून तिथंच ठेवायचा. त्याला ते कळत होतं. त्याला कळतं आहे हे मलाही कळत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

सिनेमाचं वेड त्याचं. त्यानं आठ जणांचं मंडळ काढलं. रविवारी सकाळी टॉकीज रिकामी असायची, तेव्हा बाहेरदेशी सिनेमे दाखवायचे. दिल्लीकडून पेट्या निघायच्या, गावोगावच्या मंडळांतून फिरत बडनेऱ्याला उतरायच्या. अडचण एवढीच की भाषा कोणालाच कळत नसे. खाली इंग्रजी अक्षरं आली तरी बघणाऱ्यांत निम्मे ती वाचू शकत नव्हते. आमच्याकडे कापड दुकानातले नोकर यायचे, तालमीतली पोरं यायची, एक म्हातारे वैद्य यायचे. पेटीबरोबर कधीकधी टाइप केलेली दोन पानं असत. ती सुखदेव मला समजावून सांगायचा आणि मी पडद्याच्या बाजूला उभा राहून सिनेमा वऱ्हाडीत सांगायचो. हा आमचा खास प्रकार होता. दुसऱ्या गावच्या मंडळांनी ऐकलं तेव्हा ते हसले. पण आमच्याकडे गर्दी व्हायची ती माझ्या सांगण्यासाठी, हे मला माहीत होतं, आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं.

या सांगण्यातला दुसरा माणूस म्हणजे रज्जाकभाई, टॉकीजचे ऑपरेटर. चाळिशीतले, बारीक, दोन्ही हातांवर कार्बनचे डाग. त्यांनीच खूण ठरवून दिली होती. "मियाँ, बोलना हो तो हात ऊपर. मैं आवाज नीचे. हात नीचे, तो आवाज ऊपर. बीच में खाँसना मत." वरच्या केबिनच्या चौकोनी खिडकीतून ते पूर्ण वेळ पडद्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत बसायचे. रीळ बदलायच्या वेळीसुद्धा एक डोळा माझ्यावर. सुखदेवला त्यांनी केबिनमध्ये घेऊन मशीन शिकवलं होतं, आणि सुखदेव त्यांच्याबरोबर जेवायचा, एकाच डब्यातून.

त्या रविवारचा सिनेमा कोणत्या देशाचा होता ते मी आता खात्रीनं सांगू शकत नाही. युरोपच्या पूर्वेकडचा, एवढं खरं. त्यात एक शहर असतं. तिथल्या सरकारनं सगळे आरसे जमा करून घेतलेले असतात. विहिरींवर झाकणं, खिडक्यांच्या काचांना चुना. रोज सकाळी लोक एका खिडकीसमोर रांग लावतात. आतला बाबू प्रत्येकाकडे बघतो आणि आज त्याचा चेहरा कसा आहे ते चिठ्ठीवर लिहून देतो. ती चिठ्ठी छातीला टाचायची. मग दिवसभर कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळे चिठ्ठीच वाचतात. एक दिवस एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला चुकून दुसऱ्याची चिठ्ठी मिळते. तो घरी जातो. बायको दार उघडते, चिठ्ठी वाचते आणि दार लावून घेते. तो चिठ्ठीवरच्या माणसाचं घर शोधत जातो. तिथली बाई चिठ्ठी वाचते आणि त्याला रस्सा वाढते. तो तो रस्सा खातो. खाताना रडतो, पण थांबत नाही. एवढं दाखवायला त्यांनी फार वेळ घेतला होता आणि टॉकीजमध्ये कोणी हललं नव्हतं.

शहरात जागोजाग भोंगे होते. त्यांतून हुकूम यायचे. आवाज पुरुषाचा होता. सुखदेवच्या दोन पानांत फक्त 'ध्वनिक्षेपकावरून सूचना' एवढंच होतं. मी हात वर केला. रज्जाकभाईंनी आवाज खाली केला. आणि मी म्हणालो, "आता भोंग्यातून बाई बोलून राहिली. बाई म्हनते, आरशे जमा करा. सोताचं तोंड पाहाची गरज नाही. तुमचं तोंड कसं हाय ते आमी सांगू."

मग मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं आणि मग सगळी टॉकीज. दिल्लीतली बाई कोण हे त्या काळात शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तालमीतला एक जण ओरडला, "अबे, मायी चिठ्ठी पाय, काय लिवलं!" मी हात खाली केलाच नाही. पुढं प्रत्येक भोंग्याला बाई बोलत गेली. तसलं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. अर्धं भीतीचं होतं ते, म्हणूनच इतकं मोठं होतं.

बुधवारपासून बुशशर्टवाला यायला लागला.

तेव्हा कोण कोणाचं हे कळायला मार्ग नव्हता. शेजारचे मास्तर रेडिओ इतका हळू लावायचे की आम्हाला वाटायचं ते काहीतरी लपवतात. आणि आम्ही हळू बोलायला लागलो म्हणून त्यांना वाटायचं की आम्ही. वैद्यबुवा मंडळाकडे फिरकले नाहीत. कोणी सायकल दुकानासमोर टेकवली की वडील त्याच्या चाकाकडे बघायचे. पुढच्या बुधवारपर्यंत बुशशर्टवाल्यानं आठ हार नेले आणि एक शब्द बोलला नाही.

गुरुवारी दुपारी वडील झोपलेले, आई मागं भांड्यांपाशी, तेव्हा तो आला आणि बाकड्यावर बसला.

"पोरा, सिनेमा छान सांगतो म्हनते तू."

मी सुई खाली ठेवली.

"मले ते सिनेमातलं काही समजत नाही बावा. तू गोष्ट लिहून दे. दोन पानं झाली तं पुरे." त्यानं खिशातून घडी घातलेले कोरे कागदही काढले. मग अगदी काळजीनं विचारावं तसं म्हणाला, "भोंग्यात बाई कोठून आली?"

मी कोऱ्या कागदांची घडी सरळ करत बसलो.

"तुया डोक्यातलं नाही ते," तोच म्हणाला. "तू फुलंवाल्याचा पोरगा. बाप सरळ, माय सरळ. असं काही तुमच्या घरात नसते. कोनी तरी लिहून देलं अशीन. तो अकोल्याचा पोरगा काय करते? तुमच्यातला नाही म्हना तो. त्याचं ताट बाहेर ठेवता ना तुमी?"

फळीवरचं ताट त्यानं पाहिलं होतं. हार घ्यायला येऊन तो एवढंच बघत होता. त्यानं मला मारलं नाही, धमकी दिली नाही, हे मी मुद्दाम लिहितो. पुढं अनेक वर्षं मी स्वतःला समजावताना त्याच्या हातात काठी दिली होती. काठी नव्हती. त्यानं एक दार दाखवलं आणि मी त्यातून गेलो. मी चांगल्या अक्षरात सिनेमाची गोष्ट लिहिली. आरसे, खिडकी, चिठ्ठी, घड्याळवाला. शेवटी लिहिलं: 'निवेदनाचा सर्व मजकूर सुखदेव तायडे यांनी लिहून दिला होता, मी केवळ वाचून दाखवला.' खाली सही. त्यानं कागद वाचला, शाई वाळेपर्यंत हवेत धरला आणि निघाला. त्या दिवशी त्यानं हार नेला नाही.

शनिवारी सुखदेव जेवायला आला. मी फळीवरचं ताट आणायला गेलो आणि आणलंच नाही. घरातलं पितळी ताट घेतलं, माझ्या ताटाशेजारी मांडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि त्यात भरीत वाढलं, भाकर ठेवली. सुखदेव बराच वेळ घास घेईना. मग जेवला. घासायला उठला तर आई म्हणाली, "राहू दे." सोमवारी सकाळी त्याला खोलीवरून नेलं.

तो सुटून आला तेव्हा परीक्षेचं वर्ष गेलं होतं. सरकारी नोकरीच्या चौकशीत पुढं ते प्रकरण प्रत्येक वेळी निघालं; शेवटी अकोल्यात त्यानं आयुष्यभर शिकवण्या केल्या. आल्या दिवशी त्यानं मला परकोटाच्या भिंतीपाशी नेलं. "तुयं नाव त्यायनं घेतलंच नाही," तो म्हणाला. "कागद दाखवला नाही, नुसतं म्हने, मजकूर तू लिहिला काय? मी म्हनलं, हो, मीच लिहिला. नाही म्हनलं असतं तं तुले आनलं असतं. दोघायनं काहून जाचं?" मी मान हलवली. त्याला वाटलं, मला भरून आलं आहे.

"रज्जाकभाईनं असं कराले नव्हतं पायजे," मग तो म्हणाला.

हे त्याला मंडळानं सांगितलं होतं. सुखदेव आत असताना पोलिसांनी रज्जाकभाईंना दोनदा बोलावलं होतं, टॉकीजची वही घेऊन. दोन्ही वेळा तासाभरात सोडलं. चहाच्या टपरीवर आम्ही सात जण उरलो होतो, आणि सात जणांत एक कोण याचा विचार प्रत्येकजण करत होता. एकजण म्हणाला, "तासाभरात कोनाले सोडते का पोलीस?" दुसरा म्हणाला, "केबिनमंदी बसून समदं त्यालेच दिसे." मग सगळे मोकळे झाले. आपल्यातला कोणी नाही, वरच्या खिडकीतला आहे, हे कळल्याचा तो मोकळेपणा होता. मी तेव्हा गप्प होतो असं मी पहिल्यांदा या पानावर लिहिलं होतं. ते खोडलं. मी गप्प नव्हतो. मी म्हणालो, "पोटासाठी मानूस काहीबी करते." पुढं मालकानं वहीच्या भानगडीचं निमित्त करून त्यांना काढलं. त्यांनी पातूरला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तिथंच वारले.

नातवाला मी हा सिनेमा मोबाइलवर शोधायला लावला. सापडला नाही. नाव मला धड आठवत नाही, आणि गोष्ट टाकून बघितली तर दुसरंच काही येतं. म्हणजे आता तो मी सांगितला तेवढाच उरला आहे.

या हिवाळ्यात मी अकोल्याला गेलो. साखरेनं सुखदेवची नजर गेली आहे. मुलगी शाळेत शिकवते, ती चहा ठेवून कामावर गेली. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला.

"बरं झालं आला," तो म्हणाला. "टीव्ही नुसता ऐकून जीव विटला. सांग एखांदा सिनेमा."

"कोनता सांगू?"

"आरशायचा सांग."

मी सांगायला लागलो. आवाज अजून जातो शेवटच्या माणसापर्यंत. इथं तर एकच माणूस होता. रांग सांगितली, खिडकी सांगितली, बाबू सांगितला. भोंग्यापाशी आलो तसा तो आधीच हसायला लागला. "आता बाई बोलते," तो म्हणाला.

"बाई नव्हती सुखदेव. मानूस होता. बाई मी घातली."

"ते माहीत हाय लेका."

"आन् कागद मी लिहून देला. तुयं नाव मी घातलं. रज्जाकभाईनं काही सांगतलं नाही."

आणखी बरंच सांगायचं होतं. मी वय सांगणार होतो, भीती सांगणार होतो. सुखदेवनं उजवा हात वर केला. मी थांबलो. हात तसाच वर राहिला. बाहेर भाजीवाली मेथी म्हणत पूर्ण गल्लीतून गेली आणि परत आली.

"कागद कोन्या वारी लिहिला?"

"गुरुवारी."

"शनिवारी मी तुया घरी जेवलो. भरीत होतं."

"हो."

"घरातल्या ताटात." त्यानं हात खाली घेतला. "आजवर मी लेकीले ते सांगत आलो. म्हनलं, दुनिया बदलते. तुया मायनं बदलून दाखवली. ते ताट कोनं मांडलं होतं?"

"मी."

तो भिंतीकडे वळला. चहावर साय धरली होती. मी उठावं की बसावं हे मला कळेना. भिंतीकडेच तोंड ठेवून तो बोलला. "पुस्तकात लिहून राहिला म्हने तू?"

"हो."

"मंग छापाच्या आदी पातूरले जाय. हमीदाबी हाय अजून. तिले वाचून दाखव. मले नको दाखवू, मले समजलं." आणि मी दारात पोचलो तेव्हा, "परत ये नको ये, ते मंग पाहू."

हमीदाबी म्हणजे रज्जाकभाईंची बायको. नव्वदीकडे झुकलेली. दुकान आता नातू चालवतो; ती मागच्या अंगणात खाटेवर लसूण सोलत बसली होती. मी नाव सांगितलं, तिला ओळख पटली नाही. सिनेमा सांगणारा, म्हणालो, तेव्हा तिनं हात वर करून दाखवला आणि मान डोलावली. रज्जाकभाई घरी तशी नक्कल करायचे म्हणे. मी ही पानं वाचली, मध्येमध्ये हिंदीत समजावून. ती लसूण सोलत राहिली. ताटाच्या जागी एकदा थांबली, पुन्हा सोलू लागली. मी शेवटपर्यंत आलो आणि पानं मिटली.

"हो गया?" ती म्हणाली.

"हो गया."

"नौकरी गयी, वो लिखा. पातूर आये, वो लिखा. वो टपरी का लिखा नहीं?"

"लिहिलं ना. मी जे बोललो ते..."

"बोलने का नहीं बेटा. सलाम का."

मी पानं पुन्हा उघडली. त्यात ते नव्हतं.

"तो लिखो," ती म्हणाली आणि लसणाची टोपली घेऊन आत गेली.

लिहितो. रज्जाकभाई रोज सकाळी टॉकीजला जाताना आमच्या टपरीवरून जायचे आणि हात वर करून "सलाम, मंडळी" म्हणायचे. सुखदेवला नेल्यानंतरही ते तसेच आले, तसाच हात वर केला. आम्ही सात जण होतो. कोणीही उत्तर दिलं नाही, सगळे कपात बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस ते हात वर करत होते. मग ते पलीकडच्या बाजूनं जायला लागले. पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी कपात बघणारा मी होतो. बाकीच्यांनी माझं पाहून मान खाली घातली.